न्यू जर्सी ते पुणे, डिसेंबरात, मुलांसह: दिल्लीमार्गे की आखातामार्गे?

न्यूअर्क किंवा जेएफकेहून थेट मुंबईची चार तिकिटे परवडणाऱ्या दरात मिळाली, तर ती घ्यावीत आणि पुढचे वाचूही नये. नाताळच्या आठवड्यात ती सहसा मिळत नाहीत. मग दोन मार्ग उरतात: न्यूअर्कहून थेट दिल्ली आणि पुढे पुण्याचे देशांतर्गत विमान, किंवा जेएफकेहून दुबई, दोहा अथवा अबुधाबीमार्गे मुंबई आणि तिथून गाडीने पुणे.

कागदावर दिल्ली सरस दिसते. एडिसनकडच्या लोकांना न्यूअर्क जवळ पडते, जेएफकेला मात्र व्हेराझानो पुलावरची गर्दी ओलांडून जावे लागते. एकच लांब झोप, मध्ये मुलांना उठवणे नाही आणि लोहगावला उतरले की घर आलेच.

अडचण दिल्लीत सुरू होते. भारतात पहिल्यांदा जिथे उतरता, तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स होते. तिकीट पुण्यापर्यंतचे असले तरी बॅगा दिल्लीतच बेल्टवरून उचलायच्या, ग्रीन चॅनलमधून बाहेर काढायच्या, पुन्हा जमा करायच्या आणि पुन्हा सुरक्षा तपासणीला उभे राहायचे. चौघांच्या आठ बॅगा, दोन ट्रॉल्या, एक पेंगुळलेले मूल आणि एक रडणारे. यात दोन तास सहज जातात. देशांतर्गत तिकीट वेगळे काढले असेल, तर तिथे माणशी साधारण १५ किलोच चालतात आणि तुमच्याकडे २३-२३ किलोच्या दोन-दोन बॅगा असतात. जादा वजनाचे पैसे भरताना तिकिटात वाचलेले सगळे जाते. म्हणून दिल्लीमार्गे जायचेच असेल, तर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या.

तरीही धुके राहतेच, आणि आमचा कौल त्यानेच ठरवला. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत दिल्लीत मध्यरात्रीपासून सकाळी उशिरापर्यंत धुके कधीही दाटते. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कमी दृश्यमानतेत उतरायची सोय आहे, पण त्यासाठी विमान आणि वैमानिक दोन्ही त्याला पात्र लागतात. त्यामुळे असे होते की तुमचे मोठे विमान वेळेवर उतरते आणि पुण्याला नेणारे छोटे विमान आधीच्या शहरातच अडकलेले असते. एकच पीएनआर असेल तर कंपनी पुढच्या विमानात बसवते, पण सुट्टीच्या आठवड्यात एकाच विमानात चार रिकाम्या जागा कुठून येणार? दोघे सकाळी आणि दोघे संध्याकाळी हा पर्याय मुलांसह कुणाला हवा असतो? पहाटेचे कनेक्शन टाळा, दुपारचे घ्या. त्याने धोका कमी होतो, पण विमानतळावरची रात्र वाढते.

आखातामार्गे बॅगा थेट मुंबईला मिळतात. मधल्या थांब्यावर हातातले सामान पुन्हा तपासतात, तेवढेच. विमानाच्या दारात दिलेली बाबागाडी मात्र तिथे परत मिळेलच असे नाही. टॅगवर कुठपर्यंतचे नाव आहे ते जेएफकेलाच बघून घ्या. दोन विमानांत किमान तीन तास ठेवा. परतताना अबुधाबी निवडले, तर अमेरिकेचे इमिग्रेशन तिथेच उरकते आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता येते. लांबच्या प्रवासानंतर पुन्हा रांग नाही, हे मुलांसाठी फार मोलाचे.

या मार्गालाही धोके आहेत. २३ जून २०२५ रोजी कतारने हवाई हद्द अचानक बंद केली होती, तेव्हा दोहामार्गे निघालेल्यांचे हाल झाले. तिकीट काढण्याआधी तिथली परिस्थिती बघावी आणि तारीख बदलता येईल असे भाडे घ्यावे. ज्यांच्याबरोबर गुडघे दुखणारे आजी-आजोबा आहेत, त्यांना मधली उतर-चढ आणि नंतरचा गाडीतला प्रवास नकोसा वाटू शकतो. त्यांच्यासाठी व्हीलचेअर आधीच नोंदवून दिल्ली हाच मार्ग बरा असेल.

बाकीच्यांनी मुंबईत पहाटे उतरणारे विमान बघावे. पाचच्या आत गाडीत बसलात, तर लोणावळ्याला निघालेल्या सुट्टीकरांच्या आधी खंडाळ्याचा घाट चढता आणि न्याहारीला पुण्यात असता. उतरण्याची वेळ सकाळी दहाची असेल आणि वार शनिवार असेल, तर हा सगळा फायदा घाटातच संपतो. गाडी ठरवताना माणसे किती यापेक्षा बॅगा किती ते सांगा: चार माणसे आणि आठ मोठ्या बॅगा इनोव्हातही टपावर कॅरिअर असल्याशिवाय मावत नाहीत.