सेकंडहँड ग्राफिक्स कार्डांची जोडी घेताय? डिग्री नंतर, आधी वॅट बघा

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली ग्राफिक्स कार्डं बाजारात आली. तेव्हापासून नाशिकमध्येही ‘गेमरने वापरलेलं, एकदम कूल’ अशा जाहिराती सारख्या दिसतात. दोन कार्डांचं मशीन बांधणारं गिऱ्हाईक तर विकणाऱ्यांना लगेच ओळखू येतं, कारण त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गरम किती होतं? मला फसवलं ते या प्रश्नाच्या उत्तरातच.

मला एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० टीआय या कार्डाची जोडी हवी होती. दोन कार्डं ब्रिजने जोडून एकच खेळ चालवायची सोय म्हणजे एसएलआय; एनव्हिडियाने २०२१ पासून या जुन्या कार्डांसाठी तिच्या नव्या प्रोफाइल देणं थांबवलंय, पण माझे खेळ त्याआधीचे, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरला दोन कार्डं वापरायला ब्रिजही लागत नाही. ११ जीबीची दोन कार्डं २८ हजारांत मिळत होती. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

जानेवारीतली संध्याकाळ, स्वेटर घालूनही काकडायला होत होतं. दुकानदाराने दोन्ही कार्डं टेबलावरच्या उघड्या फ्रेमवर लावून टेस्ट सुरू केली. स्क्रीनच्या कोपऱ्यात फक्त तापमान दिसत होतं: ६१ आणि ६४. “बघा दादा, घाम तरी फुटतोय का?” चार-पाच मिनिटांत टेस्ट बंद, बिलावर हाताने ‘टेस्टिंग वॉरंटी १ महिना’ लिहिलं आणि कार्डं पिशवीत. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो, तोच पुढे कामी आला.

सिडकोतल्या घरी कार्डं कॅबिनेटमध्ये बसवली आणि त्याच आठवड्यात वरचं कार्ड ८४ वर जाऊन बसलं. या कार्डाची ठरलेली मर्यादाच तेवढी. तिथे पोचलं की ते क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली आणतं. १८५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा क्लॉक १५०० च्याही खाली, खेळ अडखळतोय, आणि पंख्यांच्या आवाजाने आई बाहेरच्या खोलीतून विचारतेय, “मिक्सर लावलास का रे?”

दुकानदाराला फोन केला. “नवीन पेस्ट लावलीय दादा, बसायला पंधरा-वीस दिवस लागतात.” चिपची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंककडे नेणारी ही पेस्ट बसून एखाद-दोन डिग्रीचा फरक पडेल, वीसचा नाही, पण त्या बोलण्यात वॉरंटीचा महिना आरामात निघून गेला. नंतरचं उत्तर आणखी तयारीचं होतं: “आता ऊन वाढलंय, आणि दोन कार्डं म्हटल्यावर वरचं तापणारच.”

यातली दुसरी गोष्ट खरी आहे, आणि लोक फसतात ते इथेच. प्रत्येक कार्ड २५० वॅटचं. दोन मिळून ५०० वॅटची उष्णता एका बंद डब्यात. तीन पंख्यांची उघडी कार्डं ही गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतात; ब्लोअरवालं कार्ड बरीचशी मागच्या जाळीतून बाहेर फेकतं. त्यामुळे खालच्याने तापवलेली हवा वरचं ओढतं आणि ते दहा-पंधरा डिग्री जास्त दाखवतं. पण दोष शेजाऱ्याचा की कार्डाचा, हे घरच्या घरी कळतं. एकेक कार्ड एकटं लावायचं, स्लॉट तोच, खोली तीच, साइड पॅनल काढलेलं. माझं खालचं कार्ड वरच्या स्लॉटमध्ये एकटं ६९ वर स्थिरावलं. वरचं एकटं असूनही ८४ वर. शेजारी नव्हताच, मग दोष कुणाचा?

माझा मामेभाऊ सातपूर एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या कंपनीत आहे. तो म्हणाला, “डिग्री सोड, कार्ड तेव्हा वॅट किती खात होतं ते सांग.” मग दुकानातला व्हिडिओ थांबवून झूम केला. टेस्टच्या मागे आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरची अर्धी खिडकी दिसत होती: पॉवर लिमिट ६० टक्के, फॅन १०० टक्के. म्हणजे २५० वॅटच्या कार्डाला जेमतेम १५० वॅट दिलेले, पंखे पूर्ण सोडलेले, वर थंडी आणि उघडी फ्रेम. असं दाखवलं तर कुठलंही कार्ड गारच दिसेल. हे सेटिंग त्यांच्या कॉम्प्युटरवर राहिलं, माझ्याबरोबर आलं ते फक्त कार्ड.

वरचं कार्ड उघडताना सीरियल नंबरपासून सगळं न थांबवता शूट केलं. मेमरीवर उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड नवे, पण गरजेपेक्षा जाड. त्यामुळे हीटसिंक कोरवर, म्हणजे मुख्य चिपवर, नीट टेकतच नव्हता. पेस्ट एका कोपऱ्यात थापलेली, समोरच्या कोपऱ्यात फक्त पुसट डाग. एका पंख्याच्या मधलं स्टिकर उचकटून आत तेल सोडलेलं, आणि त्या तेलावर धुळीचा काळा राप. याला त्यांच्या भाषेत ‘सर्व्हिस केलेलं’ म्हणतात.

काउंटरवर असाल तेव्हा जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला लावा आणि सेन्सर्सच्या पानावर वॅट, क्लॉक, पंख्याचा वेग आणि तापमान एकत्र बघा. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट तुमच्या हाताने १०० वर न्या, पंखे ऑटोवर. जीपीयू-झेडच्या त्याच पानावर पर्फकॅप रीझन नावाची ओळ असते, कार्ड स्वतःला कशामुळे आवरतंय ते ती सांगते. हेवनसारखी कार्डावर पूर्ण ताण देणारी टेस्ट वीसेक मिनिटं चालू द्या, कारण हीटसिंक पुरता तापायलाच वेळ लागतो. दुकानदार “लाइट जाईल”, “गिऱ्हाईक थांबलंय” म्हणायला लागला की उठा.

पैसे परत मागितल्यावर दुकानदाराने पाच हजार देऊ केले, तेही दुसऱ्या खरेदीत वळते करून. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. दुकानाचं म्हणणं, गिऱ्हाइकाने कार्ड उघडून बिघडवलं. उघडण्याआधीच्या रीडिंगचे आणि उघडतानाचे व्हिडिओ, दोन्ही मी हाताने लिहिलेल्या बिलासोबत जोडलेत. तोवर चांगलं कार्ड एकटंच चालतंय, पॉवर लिमिट मीच ७५ वर ठेवलीय, आणि जुन्या खेळांना ते पुरतं.