फुलोऱ्याचा तक्ता : उमलण्याचा क्रम अचूक, एक चित्र चुकलेले

फुलोऱ्याचे, म्हणजे देठावरील फुलांच्या मांडणीचे, प्रकार दाखवणारा हा भिंतीवरचा तक्ता मी वर्षभर शिकवण्यासाठी वापरत आहे. अशा तक्त्यांतील बहुतेक चित्रे आकार दाखवून थांबतात. येथे मात्र प्रत्येक फुलाजवळ उमलण्याचा क्रम बारीक आकड्यांनी दिला आहे, आणि तक्त्याचे सारे मोल मला त्या आकड्यांतच दिसते. अकुंठित फुलोऱ्यात अक्ष, म्हणजे फुले धरणारा मुख्य दांडा, वाढतच राहतो, म्हणून मोहरीच्या मंजरीत जुनी फुले खाली आणि कळ्या शेंड्याला असतात. कुंठित फुलोऱ्यात अक्षाच्या टोकालाच फूल येऊन वाढ खुंटते, म्हणून मोगऱ्याच्या तीन फुलांच्या झुबक्यात मधले फूल आधी उमलते. पाठ करून घोटलेला हा भेद आकडे वाचताच उलगडतो.

सर्वांत सरस चित्र सूर्यफुलाच्या स्तबकाचे, म्हणजे चकतीवर दाटलेल्या छोट्या फुलांच्या (पुष्पकांच्या) फुलोऱ्याचे आहे. खरे सूर्यफूल शेजारी धरून मी ते भिंगाखाली पडताळले: कडेच्या पिवळ्या जिभांसारख्या पुष्पकांच्या आत, आधी उमललेल्या वलयात कुक्षी (पराग झेलणारी टोके) दुभंगून बाहेर वळलेल्या होत्या, त्याच्या आतल्या वलयात परागाची पिवळी भुकटी होती आणि मधोमध कळ्या मिटलेल्या होत्या. तक्त्यातही नेमका हाच क्रम आहे. तुळशीचा फुलोरा वरवर कणिशासारखा दिसत असला, तरी त्यातील प्रत्येक वलय समोरासमोरच्या दोन छोट्या वल्लरींनी (कुंठित झुबक्यांनी) बनते, हेही वेगळे मोठे चित्र काढून दाखवले आहे.

गुलुच्छाचे चित्र मात्र सरळसरळ चुकले आहे. गुलुच्छात फुलांचे देठ अक्षावर वेगवेगळ्या उंचीवर फुटतात आणि खालचे देठ लांब असल्यामुळे फुले एका पातळीवर येतात. येथे सारे देठ एकाच बिंदूतून काढल्यामुळे ते चामरकल्पच, म्हणजे एकाच बिंदूतून देठ फुटणाऱ्या फुलोऱ्याचे चित्र, झाले आहे. मी त्यावर पेन्सिलीने दुरुस्ती केली, पण गुळगुळीत कागदावर शिसे टिकत नाही. उंबराच्या कुंभासनी (पोकळ कुंभात आत फुले असलेल्या) फुलोऱ्याचा छेदही इतका लहान छापला आहे, की आतली फुले मागच्या बाकावरून ठिपक्यांसारखी दिसतात.

तरीही हा तक्ता मी भिंतीवरून उतरवलेला नाही. गुलुच्छाच्या चित्रावर माझे आखलेले चित्र चिकटवून तो वापरतो.