पेन ड्राइव्हमध्ये आमचा ओरखडा नव्हता

अण्णांच्या रेकॉर्डी २००५च्या आणि २०१९च्या, अशा दोन महापुरांतून वाचल्या. सांगलीच्या गणपती पेठेतल्या आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरायला लागलं की घरातलं बाकी काहीही नंतर, आधी रेकॉर्डी माळ्यावर. एवढं जपलेलं धन मी एका गोड बोलणाऱ्या माणसाच्या हाती दिलं. ज्यांच्या घरी अशा पेट्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

तो मला मिरजेत भेटला. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिथे मी लहानपणी अण्णांबरोबर जायचे, अजूनही जाते. शेजारी बसून तो जागच्या जागी दाद देत होता. दाद बरोबर जागी पडत होती, म्हणून माझा विश्वास बसला. बोलता बोलता घरच्या रेकॉर्डींचा विषय निघाला आणि आठवड्याभरात तो घरी आला.

"काकू, शास्त्रीयला आता कोण विचारतं? सगळं मोबाइलवर फुकट आहे. विकून काही मिळायचं नाही. त्यापेक्षा मी पेन ड्राइव्हवर घेऊन देतो, अण्णांची आठवण राहील."

यातलं अर्धं खरं होतं. अर्धं खरं असलं की माणूस उरलेलं तपासत नाही. कॅसेट आल्या तेव्हा लोकांनी रेकॉर्डी भंगारात किलोवर घातल्या. मग सीडी आली, मग मोबाइल. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून खाँसाहेबांच्या तबकड्या इंटरनेटवर कोणीही चढवू शकतो. गाणं खरंच फुकट झालं आहे. पण त्यामुळेच वस्तूची किंमत वेगळी निघाली. आता पैसे पडतात ते जुन्या छपाईला आणि न झिजलेल्या तबकडीला. एकाच एलपीची, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डची, स्वच्छ प्रत आणि खरखरणारी प्रत यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने काही नेलं नाही. एकेक रेकॉर्ड काढून खिडकीच्या उजेडात तिरपी धरायचा आणि यादीसाठी म्हणून फोटो घ्यायचा. मला वाटलं, किती प्रेमाने बघतोय. पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी ५५ एलपी आणि १० लाखेच्या जुन्या तबकड्या गाडीत घालून घेऊन गेला. रविवारी रात्री सगळं परत. नगामागे १०० रुपये ठरले होते, मी ६५०० मोजून दिले आणि वर जेवायला वाढलं.

हिशेब मी तेव्हा केला नाही. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून साधारण ४० मिनिटं. रेकॉर्डवरून उतरवायचं तर ती पूर्ण वाजवावीच लागते, घाई करता येत नाही. ५५ एलपींचे नुसते वाजवण्याचे ३६ तासांहून जास्त होतात. त्याच्याकडे तेवढे तासच नव्हते.

आणखी एक खूण माझ्या डोळ्यांसमोरून गेली. "सगळ्या स्पिरिटने पुसून देतो," असं तो म्हणाला होता. एलपी एक वेळ चालून जाईल, पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. चपड्याचं पॉलिश करणारा कुठलाही सुतार हे सांगेल. रेकॉर्डींवर खरा जीव असलेला माणूस असं बोलणारच नाही. परत आलेल्या दहाही तबकड्यांची चकाकी गेली आहे आणि गाण्याच्या वर खरखर ऐकू येते.

उलगडा झाला तो दिवाळीत. १९७२च्या दिवाळीत, मी नऊ वर्षांची असताना, भीमसेनजींच्या एका एलपीवर माझ्या हातून सुई घसरली होती. दुसऱ्या बाजूला, संथ विलंबित संपून जलद लयीतली द्रुत बंदिश सुरू होते तिथे, सात फेरे टिक्, टिक् असा आवाज यायचा, दर फेऱ्याला एक. एलपी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे १.८ सेकंदांनी एक टिक्. अण्णा रागावले नाहीत. आतल्या कागदी पिशवीवर त्यांनी पेन्सिलने लिहून ठेवलं, 'दुसरी बाजू, द्रुत, ओरखडा. दिवाळी १९७२.' ती द्रुत टिक् टिक् सकटच माझ्या कानात बसली आहे.

पेन ड्राइव्ह लावला. द्रुत आली आणि गेली, टिक् नाही. आमची रेकॉर्ड त्याने वाजवलीच नव्हती, इंटरनेटवरून गाणी उतरवून भरली होती. मग कव्हरमधली एलपी काढून लावली. तिथेही टिक् नाही, उलट सगळीकडे भजी तळल्यासारखा आवाज. कव्हर आमचंच, तळाशी पुराच्या ओलीचा डाग असलेलं. आतली पिशवी मात्र कोरी पांढरी. फोटोंवरून त्याने त्याच एलपींच्या झिजलेल्या प्रती आधीच जमवून ठेवल्या होत्या. अशा ११ बदलल्या गेल्या, सगळ्या अण्णांनी कमीत कमी वाजवलेल्या.

त्याचा फोन बंद. पोलिसांत अर्ज दिला, त्यांनी नीट ऐकूनही घेतलं. पण "ताई, नाव तेच, कव्हर तेच, मग बदलली कशावरून म्हणायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे कागद नव्हता. माझा कान हा काही पुरावा नव्हे.

म्हणून सांगते. लेबलभोवतीच्या कोऱ्या, चकाकत्या पट्टीवर बारीक नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. तोच नंबर दुसऱ्या प्रतीवरही असू शकतो, तेव्हा तिरप्या उजेडात ओरखड्यांचाही फोटो घ्या. उतरवून घ्यायचं तर तुमच्या घरी, तुमच्यासमोर. वेळ लागेल, लागू द्या. आणि "याला कोण विचारतं" म्हणत जो पुन्हा पुन्हा येतो, त्याला पेटीला हात लावू देऊ नका.

आमची ती एलपी कुठेतरी विकली गेली असणार. घेणाऱ्याला दोष नाही, त्याला कुठून कळणार. फक्त आतल्या पिशवीवर पेन्सिलने दिवाळीची तारीख दिसली, तर ती खोडू नका.