पोस्टपेड नंबर बंद केला तरी खात्यातून पैसे जातच राहिले, आईवडलांच्या नावावर कनेक्शन असेल तर नक्की वाचा

ज्यांच्या घरात आईवडलांच्या नावावर पोस्टपेड नंबर आहे आणि तो बंद करायचा विचार चाललाय त्यांनी हे जरा वेळ काढून वाचा. फोनची रेंज गेली, सिम बंद पडलं म्हणजे कनेक्शन बंद झालं असं अजिबात नसतं, आणि दुकानातली माणसं हे आपणहून सांगत नाहीत. माझ्या वडलांचे असेच कितीतरी महिने पैसे गेले, वरून वसुलीवाल्यांचे फोन सोसावे लागले ते वेगळंच. डिपॉझिट अजून अडकलंय म्हणून कंपनीचं नाव सध्या लिहीत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. सूत कधी येणार, गाडी कधी भरायची, ऑर्डर कुठली, सगळं फोनवर चालायचं म्हणून पोस्टपेड घेतलेलं आणि बिल दर महिन्याला बँकेतून परस्पर कटायचं. ३९९ चा प्लॅन, १८ टक्के जीएसटी धरून ४७० रुपये ८२ पैसे. रिटायर झाल्यावर एवढं बिल कशाला म्हणून साधं प्रीपेड घेतलं आणि आधार, बँक, गॅस, पेन्शन सगळीकडं नवीन नंबर लावून घेतला. हे काम जुना नंबर बंद करायच्या आधीच करा, कारण बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडं जातात.

मग अण्णा कंपनीच्या स्टोअरला गेले. घरून अर्ज लिहून नेलेला, मराठीत, दोन प्रती. एक त्यांना दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. चाळीस वर्षं कारखान्यात चलनावर सही घेतल्याशिवाय त्यांनी माल गेटच्या बाहेर सोडला नाही, तीच सवय. काउंटरवरचा मुलगा आधी म्हणाला, काका एवढा जुना नंबर कशाला सोडताय, प्लॅन कमी करून देतो की. अण्णा नको म्हणाले. तर म्हणाला बरं, बंद करतो, ओटीपी येईल, फोन द्या इकडं. फोन स्वतःच्या हातात घेतला, मेसेज स्वतःच वाचला, नंबर स्वतःच टाकला आणि म्हणाला झालं काका, उद्यापर्यंत बंद होईल. आणि खरंच दुसऱ्या दिवशी रेंज गेली. घरात आम्ही सगळे समजलो की विषय संपला.

पुढं बऱ्याच महिन्यांनी मी अण्णांचं पासबुक भरून आणलं आणि मेडिक्लेमच्या हप्त्याची नोंद शोधायला बसले, तर दर महिन्याला २३४ रुपये ८२ पैसे कटलेले दिसले. प्रत्येक नोंदीपुढं नॅच (खात्यातून दर महिन्याला परस्पर पैसे कापायची बँकांची व्यवस्था) आणि कंपनीचं अर्धवट नाव. अण्णांना विचारलं तर म्हणाले, अगं बँकेचे काहीतरी चार्जेस असतील असं वाटलं, मेसेज येतात पण सगळे इंग्लिशमधे. रक्कम अशी की साडेचारशेच्या जागी निम्मीच, त्यामुळं जुन्या बिलाशी जुळत पण नव्हती आणि डोळ्यात भरण्याएवढी मोठी पण नव्हती.

कस्टमर केअरला फोन लावला तर बाई शांतपणे म्हणाली, मॅम हा नंबर बंद नाहीये, सेफ कस्टडीमधे आहे. हे काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्या, कारण आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. परदेशी जाणाऱ्या माणसाला नंबर हातचा जाऊ द्यायचा नसतो, तर तेवढे महिने सेवा बंद ठेवून नंबर त्याच्या नावावर राखून ठेवतात आणि त्याचं भाडं घेतात. सिमला रेंज नसते, फोन लागत नाही, येत नाही, म्हणजे माणसाला सगळं बंद झाल्यासारखंच दिसतं. पण कनेक्शन जिवंत असतं आणि बिल दर महिन्याला बनतं. आमचं भाडं १९९ अधिक जीएसटी. आणि बिल तयार झाल्याचा मेसेज कुठं जातो, तर त्याच नंबरवर, ज्याला रेंजच नाही. ईमेलवर जायला पाहिजे तर तिथं अण्णांच्या कारखान्याच्या ऑफिसचा ईमेल टाकलेला, तो आता कोण बघणार. म्हणजे ज्याचे पैसे जातात त्याला कंपनीकडनं कळायचा एकही रस्ता उरत नाही.

मग मला अण्णांचा जुना हँडसेट आठवला. कपाटात पडून होता, चार्जिंगला लावला, सिम नसलं तरी आतले मेसेज तसेच होते. शिक्क्यावर जी तारीख तीच त्या ओटीपीच्या मेसेजवर, आणि त्यात सरळ लिहिलेलं की हा ओटीपी सेफ कस्टडीची विनंती पक्की करण्यासाठी आहे. त्यात बंद करण्याचा शब्दसुद्धा नाही. म्हणजे हातात अर्ज कनेक्शन बंद करण्याचा आणि सिस्टीममधे टाकलं दुसरंच, आणि त्यासाठी ओटीपी म्हाताऱ्या माणसाच्या फोनमधून स्वतः वाचून घेतला. याला मी चूक म्हणणार नाही, ही फसवणूकच आहे. माझा अंदाज असा की कनेक्शन बंद झालं की स्टोअरचा आकडा खाली येतो, म्हणून ते अशा ठिकाणी ढकलून ठेवतात. कारण काहीही असो, पैसे अण्णांच्या पेन्शनमधून गेले.

स्टोअरला जाऊन विचारलं तर मॅनेजर म्हणे सिस्टीममधे क्लोजरची रिक्वेस्टच नाही. शिक्का दाखवला. म्हणे शिक्का आमचाच आहे पण तो अर्ज मिळाल्याचा आहे, आणि ज्या मुलानं घेतला तो आता सोडून गेला. मग म्हणे मॅडम आधी चालू बिल भरा, त्याशिवाय बंद होणारच नाही. मी मेसेजचा फोटो दाखवला तर त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं बघायला सुरुवात केली. तिथं भांडत बसण्यात अर्थ नव्हता, लेखी गोष्टींशिवाय काही हलत नाही.

पहिलं काम बँकेत. बँकेतले साहेब आधी म्हणाले कंपनीकडनंच बंद करून आणा. तसं नसतं. नॅचचा मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, खातेदार स्वतःच्या बँकेत लेखी अर्ज देऊन थांबवू शकतो, फक्त त्यात मँडेटचा नंबर लागतो, त्याला यूएमआरएन म्हणतात, तो आम्ही बँकेकडनंच काढून घेतला. खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत म्हणजे कटणार नाहीत असा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका, मँडेट चालू असला की प्रत्येक वेळी बाउन्स होतो आणि बँक त्याचा दंड वेगळा लावते. यूपीआयवर ऑटोपे असेल तर ॲपमधे ऑटोपेच्या यादीत जाऊन तिथल्या तिथं रद्द करता येतो.

दुसरं, संचार साथी या सरकारी पोर्टलवर अण्णांच्या नवीन नंबरनं लॉगिन केलं. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते तिथं दिसतं, आणि तो 'बंद' नंबर यादीत होताच. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. कुठलाही नंबर बंद केल्यावर पंधरा-वीस दिवसांनी इथं एकदा बघाच, फुकट आहे.

पैसे कटायचे थांबले आणि मग खरा त्रास सुरू झाला. बिल थकलं म्हणून वेगवेगळ्या नंबरवरनं वसुलीचे फोन, सकाळी अण्णा पूजेला बसले की फोन, जेवायला बसले की फोन. तुमचं सिबिल खराब होणार, कोर्टातनं नोटीस निघाली, घरी माणूस पाठवतो, असलं बोलणं. एकदा व्हॉट्सॲपवर लोक अदालतीची नोटीस म्हणून कागद आला, वर तराजूचं चित्र, खाली सही कुणाची ते कळत नाही. अण्णांची रात्रीची झोप उडाली. उभ्या आयुष्यात ज्या माणसानं कुणाचा रुपया ठेवला नाही, किराणा दुकानात उधारीची वही लावली नाही, तो माणूस मला म्हणतो, अगं भरून टाकू या ना, काय हजारभर रुपये असतील ते. माझा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीवर आहे. हे लोक याच भीतीवर जगतात, रक्कम अशी ठेवायची की भांडण्यापेक्षा भरणं सोपं वाटावं.

नेहमीच्या लोक अदालतीबद्दल (स्थायी लोक अदालत वेगळी) एवढं लक्षात ठेवा की तिथं तडजोड दोन्ही बाजूंच्या संमतीनंच होते, तुम्ही मान्य केलं नाही तर तिथं तुमच्यावर काही लादता येत नाही. नोटीस खरी वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन विचारा. पण व्हॉट्सॲपवरच्या कागदाला घाबरून लिंकवर पैसे टाकू नका.

आता तक्रारीचं. ट्रायकडं, म्हणजे फोन कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेकडं, तक्रार करा असं सगळे सांगतात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. त्यांनी २०१२ साली नियम केलेत त्याप्रमाणं कंपनीतच दोन पायऱ्या आहेत. आधी तक्रार केंद्र, तिथं डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर मिळतो, तो मेसेजनं आलाच पाहिजे, तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मी अण्णांच्या नवीन नंबरवर मागवून घेतला. तिथनं उत्तर आलं की चार्जेस रेकॉर्डप्रमाणं बरोबर आहेत. हे उत्तर येणारच, निराश होऊ नका. त्यानंतर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं अपील करायचं, ३० दिवसांच्या आत, फी काही नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपिलावर सल्ला देणाऱ्या समितीत कंपनीचा एक आणि ग्राहक संघटनेचा एक माणूस असतो. बऱ्याच लोकांना ही दुसरी पायरी माहीतच नाही, आणि केअरवाले आपणहून तिचं नाव काढत नाहीत.

अपिलात मी लांबण लावली नाही. शिक्क्याचा अर्ज, त्याच तारखेचा ओटीपीचा मेसेज, पासबुकाची पानं, संचार साथीचा स्क्रीनशॉट, डॉकेट नंबर, एवढं जोडलं. लिहिलं की ट्रायच्या नियमावलीतच कनेक्शन बंद करायला सात दिवस दिलेत, ग्राहकानं सेफ कस्टडी मागितल्याचा एकही कागद दाखवा, नसेल तर शिक्क्याच्या तारखेपासून कनेक्शन बंद धरा आणि घेतलेले सगळे पैसे परत करा. ईमेल केला आणि स्पीड पोस्टानं पण पाठवलं, पोच जपून ठेवली. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंद केली, तिथं मराठीत बोलता येतं.

आणि कुणी म्हणालं की मोबाईल कंपनीवर ग्राहक कोर्टात जाता येत नाही, तर ते जुनं झालं. २००९ च्या एका निकालामुळं तसा समज होता, पण फेब्रुवारी २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या कायद्याप्रमाणं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरच्या माणसानं पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, आणि पाच लाखापर्यंतच्या रकमेला फी पण नाही. अपिलात शेवटी हे एक वाक्य मी मुद्दाम घातलं होतं.

अपिलाचा निकाल आमच्या बाजूनं लागला. थकबाकी शून्य केली, शिक्क्याच्या तारखेनंतर कटलेले पैसे खात्यात परत आले, नंबर त्या तारखेपासून बंद धरल्याचं पत्र ईमेलवर आलं आणि वसुलीचे फोन थांबले. सुरुवातीला भरलेलं सिक्युरिटी डिपॉझिट मात्र अजून आलं नाही, बंद झाल्यावर ठरावीक दिवसांत ते परत द्यायचं असं ट्रायच्या नियमावलीत आहे आणि ती मुदत उलटून गेलीय. अण्णा म्हणतात राहू दे आता, पण मी त्याचा वेगळा डॉकेट नंबर घेतलाय, आणि सगळे कागद जोडून जिल्हा आयोगाचा अर्ज पण लिहून झालाय. अपिलाचा मराठी मसुदा कुणाला लागला तर मागा, नावं-नंबर काढून देते.