लेखकांचे पैसे: सामाईक गल्ला बरा, की ज्याच्या त्याच्या वाचकाची वर्गणी?

वर्गणीवर चालणारं मराठी ॲप किंवा संकेतस्थळ काढताना लेखकांचे पैसे कोणत्या पद्धतीने मोजायचे हे आधीच ठरवून घ्यावं. मागाहून पद्धत बदलली की कुणाचे तरी पैसे कमी होतात आणि तो लेखक दुखावतो. पद्धती चार आहेत. खरा पेच शेवटच्या दोन घालतात, म्हणून पहिल्या दोन चटकन हातावेगळ्या करू.

ठोक मानधन सगळ्यात सोपं. दिवाळी अंकांमुळे लेखकांना ही रीत ओळखीची आहे, आणि मागवून घेतलेला लेख, अनुवाद, मुलाखत यांना हीच शोभते. फक्त शब्दावर दर लावू नका, आठशे शब्दांचा ऐवज बाराशेवर जायला लागतो. दर प्रकारावर ठेवा: कथा इतके, परीक्षण इतके. उणीव पुढे कळते. तोच लेख तीन वर्षं वाचला जातो, त्याच्यामुळे नवे वर्गणीदार येतात, आणि लेखकाच्या हाती त्यातलं काही पडत नाही.

थेट वर्गणी म्हणजे सबस्टॅक या ई-मेल पत्रिकांच्या प्लॅटफॉर्मची रीत. वाचक लेखकाला पैसे देतो, प्लॅटफॉर्म दहा टक्के ठेवतो, कार्डाचा खर्च वेगळा. नाव झालेल्या आणि दर आठवड्याला नेमाने लिहिणाऱ्याला ती उत्तम. पण पाच लेखकांच्या पाच वर्गण्या भरणारा वाचक विरळा, आणि वर्षाला चार कथा लिहिणाऱ्याने वर्गणी मागायची तरी कशी?

आता सामाईक गल्ला. सगळ्यांच्या वर्गण्या एकत्र करायच्या, प्लॅटफॉर्मचा हिस्सा काढायचा, उरलेलं एकूण वाचनाच्या प्रमाणात वाटायचं. ॲमेझॉनची ई-पुस्तकांची वर्गणी, किंडल अनलिमिटेड, अशीच चालते. जुलै २०१५ पासून तिथे वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. हिशेबाला हलकी, एका सूत्रात बसणारी पद्धत. चौथी पद्धत वाचकनिहाय वाटपाची. तीत प्रत्येक वाचकाची वर्गणी वेगळी धरायची आणि त्याने त्या महिन्यात जे वाचलं त्याच लेखकांत वाटायची. साउंडक्लाउड या संगीताच्या संकेतस्थळाने २०२१ मध्ये छोट्या कलावंतांसाठी ही आणली.

फरक दोन वाचकांवर करून बघा. दोघांची वर्गणी शंभर-शंभर, प्लॅटफॉर्मचे तीस टक्के वजा जाता १४० रुपये उरले. पहिल्याने महिन्यात दहा तास एक रहस्यमालिका वाचली, दुसऱ्याने एक तास एकाच कवीच्या कविता. सामाईक गल्ल्यात मालिकेच्या लेखकाला १२७ रुपये, कवीला १३. म्हणजे कवितेसाठी आलेल्या वाचकाचे ५७ रुपये त्याने न उघडलेल्या मालिकेकडे गेले. वाचकनिहाय वाटपात दोघांना सत्तर-सत्तर.

तरी एवढ्यावर मी गल्ला सोडा म्हटलं नसतं. मला सलते ती दुसरी गोष्ट. हजार वर्गणीदार आहेत, वाटायला ७०,००० रुपये आहेत, महिन्याचं वाचन ५,००० तास. तासाला १४ रुपये पडले. दिवाळीच्या महिन्यात वाचन ७,००० तासांवर गेलं, वर्गण्या तेवढ्याच. दर दहावर आला. ज्याचं वाचन दोन्ही महिन्यांत शंभर तासच होतं त्याला १,४०० ऐवजी १,००० मिळाले. त्याचा फोन येतो: ‘माझे वाचक कमी झालेत का?’ नाही. ‘मग चारशे रुपये कुठे गेले?’ याचं खरं उत्तर इतर लेखकांच्या आकड्यांत असतं आणि ते त्याला दाखवता येत नाहीत. असे फोन दर महिन्याला येतात आणि हळूहळू विश्वास झिजतो. वाचकनिहाय वाटपातही रक्कम खाली-वर होते, हे मान्य. पण तिथे कागद दाखवता येतो: तुम्हाला वाचणारे साठ जण, त्यांच्या वर्गणीतून तुमच्याकडे एवढे आले, गेल्या महिन्यात एवढे होते. आकडे त्याचे स्वतःचे असतात.

लबाडीचंही तसंच. वरच्याच गल्ल्यात कुणी शंभर रुपयांची एक वर्गणी घेऊन स्वतःची कादंबरी फोनवर रोज आठ तास उघडी ठेवली, तर महिन्याला २४० तास होतात आणि त्याच्या हाती सुमारे ३,२०० रुपये लागतात. ते इतर लेखकांच्या वाट्यातून जातात. वाचकनिहाय वाटपात त्याला फार तर सत्तर मिळतील. तीस रुपयांचा तोटा सोसून अशी लबाडी कोण करेल?

या पद्धतीचे खाचखळगे सोडवून ठेवावे लागतात. महिनाभर काहीच न वाचणाऱ्याचे सत्तर रुपये कुणाचे? ते तीन महिने राखून ठेवावेत, तोवर त्याने काही वाचलं तर त्या लेखकाला, नाहीतर नव्या लेखकांच्या मानधनाला. एकच लेख दोन मिनिटं चाळणाऱ्याची सगळी रक्कम त्या लेखाला जाऊ नये म्हणून एका रचनेला अर्ध्याची मर्यादा घाला, बाकी पुढच्या महिन्यात ओढा. नुसता वेळ मोजलात तर बारा ओळींची कविता इथेही मार खाते. म्हणून अर्धा भार वेळेला आणि अर्धा शेवटपर्यंत वाचलेल्या रचनांच्या संख्येला द्यावा. हिशेब पैशांत ठेवा, रुपयांत गोल करू नका. वर्गणी परत मागितली जाऊ शकते, म्हणून वाटप महिना संपल्यावर तीस दिवसांनी. ॲपमधून आलेल्या वर्गणीत गूगल प्ले पंधरा टक्के घेतं, तेव्हा तुमचा हिस्सा त्याआधीचा की नंतरचा, हे करारात स्पष्ट लिहा.

किती रुपये साठले की लेखकाला पाठवायचे, ती किमान रक्कम फार वर ठेवू नये. ब्लॉगवरच्या जाहिरातींचे पैसे देणाऱ्या गूगल ॲडसेन्सची मर्यादा शंभर डॉलरची आहे, तेवढी गाठायला मराठी ब्लॉगला कितीतरी महिने लागू शकतात. दोनशे रुपये झाले की पाठवावेत.

आणि करार लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना लेखकाला किती मिळणार हे करारात नमूद करावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी वाचकांकडून वर्गणी घेणार असाल तर ‘जगभर’ हा शब्द घालून घ्या, आणि लेखकाला तो घालण्याआधी वाचून दाखवा.