असमानता लिहायला शिकवताना: शब्दांचा तक्ता की सीमेवरची संख्या?

रोजच्या व्यवहारातील प्रसंग गणितातील असमानतेच्या, म्हणजे <, >, ≤ किंवा ≥ या चिन्हांनी केलेल्या तुलनेच्या, रूपात मांडायला सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवण्याच्या दोन पद्धती सर्रास दिसतात आणि दोन्ही मी पुरेसा काळ वापरलेल्या आहेत. पहिलीत 'किमान', 'जास्तीत जास्त', 'पेक्षा कमी' अशा शब्दांसमोर त्यांची चिन्हे लिहिलेला तक्ता मुले वहीत उतरवून घेतात आणि उदाहरणातील शब्द पाहून चिन्ह निवडतात. दुसरीत आधी अटीच्या सीमेवरची संख्या, तिच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक प्रसंगात घालून कोणती चालते ते पाहायचे आणि मगच चिन्ह लिहायचे.

तक्त्याची बाजू लंगडी नाही. तो एका तासिकेत शिकवून होतो, मोठ्या वर्गाला झेपतो आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना बिचकणाऱ्या मुलांना धीर देतो.

मला मात्र एक गोष्ट सतत खटकत राहिली. मराठी वाक्यात नकार अगदी शेवटी येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८४ नुसार लोकसभेच्या उमेदवाराचे वय २५ वर्षांपेक्षा कमी नसावे लागते. हेच वाक्य उदाहरण म्हणून दिले, की तक्ता पाठ असलेले मूल 'पेक्षा कमी' इथवर येताच क्ष < २५ लिहून मोकळे होते. पुढचे 'नसावे' त्याने वाचलेलेच नसते. 'कमीत कमी' या शब्दाबाबतही असेच घडते. तक्त्यात नव्या ओळी घालाव्यात, तर 'ओलांडू नये', 'पुरतील', 'परवडेल' असे शब्द येतच राहतात आणि तक्ता लांबत जातो. शिवाय चिन्ह चुकले आहे हे मुलाला स्वतःला कळण्याची काहीच सोय त्यात नाही, आणि माझ्या दृष्टीने हीच त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. याउलट, २४ वर्षांचा उमेदवार चालेल का, २५ वर्षांचा चालेल का, २६ वर्षांचा चालेल का, एवढे तीन प्रश्न विचारले की क्ष ≥ २५ हे मूल आपणहून लिहिते आणि संख्यारेषेवर २५ चा बिंदू भरीव काढायचा (२५ चालत असेल तर) की पोकळ (चालत नसेल तर), हा वेगळा शिकवावा लागणारा भागही त्यातच उरकतो.

दुसऱ्या पद्धतीला वेळ अधिक लागतो, हे मान्य करायला हवे. चलाख मुले तर संख्या घालूनच उत्तर काढतात आणि असमानता लिहायचे टाळतात. यावर मला एक उपाय लागू पडलेला दिसतो. लिफ्टमध्ये '८ व्यक्ती, ५४४ किलो' अशी पाटी असते. ६८ किलो वजनाचा माणूस ४० किलोची किती खोकी एका खेपेत नेऊ शकेल, असे विचारून मी आकडेमोड ओळीखाली ओळ लिहून घेतो: ६८ + ४० × ११ = ५०८, चालते; ६८ + ४० × १२ = ५४८, चार किलोंनी जास्त, चालत नाही. दोन्ही ओळींत फक्त एकच जागा बदलते. त्या जागी क्ष लिहिला की ६८ + ४०क्ष ≤ ५४४ ही असमानता तयार होते. पुढे ती सोडवताना क्ष ≤ ११.९ आले, तरी उत्तर १२ नसून ११ आहे, हे वेगळे बजावावे लागत नाही, कारण १२ खोक्यांचे वजन मुलांनी आधीच करून पाहिलेले असते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांना हा फरक कदाचित उशिरा जाणवेल. तिथल्या कॉमन कोअर या शालेय अभ्यासक्रमाच्या मानकांनुसार सहावीत क्ष > अ किंवा क्ष < अ एवढ्याच रूपाच्या असमानता लिहायच्या असतात आणि तेवढ्यापुरता तक्ता सहसा निभावून नेतो. वर दिलेल्या लिफ्टच्या उदाहरणासारखी रूपे सातवीत येतात आणि तिथे तो अपुरा पडू लागतो.

मोठा वर्ग आणि मोजक्या तासिका असतील, तर तक्ता निवडणाऱ्या शिक्षकाला मी दोष देणार नाही. घरी एकदोन मुलांना शिकवत असाल, तर मात्र सुरुवात सीमेवरच्या संख्येने करावी, असे मी सुचवेन. तक्ता हवाच असेल, तर पुष्कळ उदाहरणे सोडवून झाल्यावर तो मुलांकडूनच करून घ्यावा.