पेनटॉर्च : उजेड छान, पण सेल उतरल्याचं सांगत नाही

न्यूरो वॉर्डात नाइट करणाऱ्या सिस्टरच्या खिशात पेन आणि पेनटॉर्च हवेतच. पेन दुसरीचं चालतं, टॉर्च मात्र स्वतःचाच लागतो. हा मी आठ महिने वापरतेय.

क्लिप घट्ट आहे, बेडवर वाकलं तरी टॉर्च खिशातून पडत नाही. बटण सोडलं की विझतो, त्यामुळे चुकून चालू राहत नाही. उजेड पिवळसर आहे आणि मला तोच आवडतो. पांढऱ्या झोताने शुद्धीतला पेशंट पापण्या गच्च मिटून घेतो, मग बाहुली बघणार कशी?

दांडीवर २ ते ९ मिलिमीटरचे काळे ठिपके छापलेत. डोळ्याशेजारी धरायचे आणि ताडून बघायचं. पण प्रत्येक पेशंटनंतर टॉर्च स्पिरिटने पुसावा लागतो, आणि तिसऱ्या महिन्यात ४ आणि ५ पुसट झाले. गेले तेही नेमके हेच! ३ ची बाहुली एकाच बाजूला ५ झाली, तर मेंदूतला दाब वाढून बाहुली आकसवणारी तिसरी नर्व्ह दाबली जात असू शकते. तिथे चार्टवर ‘जरा मोठी वाटते’ लिहून भागत नाही. सध्या वरून चिकटपट्टी लावलीय. तिच्या कडेला मळ धरतो, इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना दिसली तर माझी धडगत नाही.

खरी तक्रार सेलची आहे. गेल्या महिन्यात डोक्याला मार लागलेल्या एका आजोबांच्या बाहुल्या रात्री एकला झटकन आकसत होत्या, तीनला दोन्ही स्लगिश, म्हणजे सुस्तपणे आकसणाऱ्या दिसल्या. ऑन-कॉल डॉक्टरांना उठवायला फोन हातात घेतला, पण बाकी काही जुळेना. हाक मारल्यावर डोळे उघडले, नाव-गाव बरोबर सांगितलं, दोन्ही मुठी सारख्याच आवळल्या. जीसीएस, म्हणजे शुद्धीचा पंधरापैकी स्कोअर, एकला होता तसाच १४. नाडी ७८, बीपीही हललेलं नाही. शेवटी जोडीदारणीच्या डोळ्यात टॉर्च मारला. तिच्याही स्लगिश! ती म्हणाली, “माझंही सीटी करतेस का?” तिच्या टॉर्चने पाहिलं तर आजोबांच्या दोन्ही बाहुल्या ३ मिलिमीटर, चटकन आकसणाऱ्या.

त्या रात्री हसलो. पण सेल इतका हळूहळू उतरतो की उजेड कमी झालाय हे हातातल्या माणसाला कळतच नाही. आणि मला जास्त भीती उलट्या चुकीची वाटते: उद्या खरीच स्लगिश बाहुली दिसली आणि मी टॉर्चवर ढकलून मोकळी झाले तर? टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल मांडली, तेव्हा तिच्या गुणांत बाहुल्या नव्हत्या. २०१८ मध्ये जीसीएस-पी आली. तिच्यात उजेडाला दाद न देणाऱ्या प्रत्येक बाहुलीचा एक गुण वजा होतो. म्हणजे मेलेल्या सेलमुळे आता स्कोअरही चुकायचा.

पाचपैकी तीन तारे. आकडे छापण्याऐवजी कोरले आणि सेल उतरल्याची खूण दिली, तर चौथा देईन. तोवर हँडओव्हरला आधी एकमेकींच्या डोळ्यात टॉर्च मारतो, मग पहिल्या बेडकडे जातो. नातेवाईक बघत राहतात.